दातेरी पट्टा आणि त्याची मुदत

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मोटारीच्या एंजिनाविषयी लिहावे, हे काही वाचकांस अस्थानी वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत विषयाकडे मी कसा वळलो, हे आरंभीच सांगितलेले बरे. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्यास जात असता शिरवळच्या अलीकडे माझी मोटार चालता चालता बंद पडली. धक्का बसला नाही, धूर निघाला नाही, कानांत भरावा असा आवाजही झाला नाही. एंजिन पुन्हा चालू करू पाहिले तेव्हा स्टार्टर नेहमीपेक्षा हलका व एकसारखा फिरत राहिला. जात्यात दाणे नसता जाते फिरावे तसा. गाडी ओढून एका गॅरेजात नेली. तेथील वयस्क मिस्त्रींनी एंजिनाच्या बाजूचे प्लॅस्टिकचे झाकण काढून आतील तुटलेल्या पट्ट्याचे टोक ओढून दाखविले. पुढे हेड उतरविल्यावर सोळांपैकी अकरा झडपा वाकलेल्या आढळल्या.

मिस्त्रींनी मला एकच प्रश्न विचारला : "सर, हा पट्टा शेवटचा कधी बदलला होता?" गाडी मी दुसऱ्याकडून घेतलेली, पहिल्या मालकाजवळचे कागद मी मागितले नव्हते, त्याने दिले नव्हते. उत्तर देता न आल्याने मीच उलट विचारले, की तुटण्यापूर्वी काही आवाज यावयास नको होता काय? त्यावर ते म्हणाले, "आवाज चेनचा येतो सर. पट्टा काय सांगत नाही."

या वाक्याने मी विचारात पडलो. झीज आणि तिचे लक्षण यांचा संबंध आपण स्वाभाविक मानतो. चप्पल झिजते ती दिसते, बिजागरी झिजते ती कुरकुरते, दात झिजतो तो ठणकतो. यंत्राचा एखादा भाग अखेरपर्यंत कोणतेही लक्षण न दाखविता निकामी होत असेल, तर त्याची काळजी घेणाऱ्या माणसाने कशावर विसंबावयाचे? मोटारीच्या एंजिनातील दातेरी पट्ट्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास हा माझ्या मते या प्रश्नाला दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे. आणि त्यांतील मुख्य उत्तर यांत्रिक नसून लेखी आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम यंत्राचे कार्य थोडक्यात पाहू. निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये सिद्ध केलेल्या चार धावांच्या एंजिनात दट्ट्या, म्हणजे गॅरेजातील भाषेत पिस्टन, चार वेळा वरखाली होतो तेव्हा एक कार्यचक्र पुरे होते : मिश्रण आत घेणे, दाबणे, जळून ढकलणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार धावांत क्रँकदंडाचे दोन फेरे होतात. परंतु आत घेणारी झडप एकदाच उघडावयाची असते, बाहेर टाकणारीही एकदाच. म्हणून झडपा उघडणारा कॅमदंड क्रँकदंडाच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरावा लागतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा माथ्याशी येतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडून मिटते. एवढ्या घाईत दोघांचा मेळ क्षणभरही चुकता कामा नये. हा मेळ राखणाऱ्या दुव्याला काही विशेष शक्ती वाहून न्यावयाची नसते; त्याने वेळ तेवढी न्यावयाची असते.

साधा सपाट पट्टा या कामी निरुपयोगी, हे उघड आहे. मुंबईच्या गिरण्यांत वरच्या फिरत्या दांडीवरून मागांकडे उतरणारे चामड्याचे पट्टे होते, आणि खेडोपाडीच्या पिठाच्या चक्कीचा पट्टा तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. हे पट्टे घर्षणाने ओढतात, व भार वाढला की थोडे घसरतात. चक्कीच्या दृष्टीने हा गुणच होय. जात्यात खडा अडकला तर पट्टा घसरतो आणि यंत्र वाचते. ज्या दुव्याने वेळ न्यावयाची, त्याला मात्र एका दाताइतकेही घसरून चालत नाही. म्हणून आरंभीच्या मोटारींत दंतचक्रे एकमेकांत अडकवून काम भागविले जाई. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत अशीच दंतचक्रे होती, आणि मोठ्या ट्रकांच्या डिझेल एंजिनांत ती आजही आहेत. दुसरा मार्ग साखळीचा. मँचेस्टर येथे हान्स रेनोल्ड याने १८८० मध्ये रुळांची साखळी बनविली. सायकलीची साखळी ती हीच. पुढे हिचेच प्रकार एंजिनात शिरले.

जोवर कॅमदंड खाली, क्रँकदंडाच्या शेजारी असे, तोवर दंतचक्रांची एक जोडी किंवा वीतभर साखळी पुरत असे. तेथून वर झडपांपर्यंत हालचाल नेण्याचे काम लांब काठ्या करीत. एंजिनाचा वेग वाढू लागला तशा या काठ्या अडचणीच्या ठरल्या, कारण त्यांच्या वजनामुळे झडपा वेळेवर मिटेनात. उपाय एकच होता : कॅमदंड उचलून एंजिनाच्या माथ्यावर, झडपांलगत ठेवावयाचा. शर्यतींच्या व महागड्या गाड्यांत हे फार पूर्वीच झाले होते. परंतु कॅमदंड वर गेला म्हणजे दोन दंडांतील अंतर वाढले, साखळी लांबली, तिला आधार देणाऱ्या पट्ट्या व ताण देणारी साधने आली, आणि तिला तेल लागत असल्यामुळे हा सगळा संसार बंद धातूच्या पेटीत बसविणे भाग पडले. वजन, किंमत व खडखड ही तिन्ही वाढली. साध्या माणसाच्या स्वस्त गाडीत माथ्यावरचा कॅमदंड यावयाचा, तर निराळा दुवा हवा होता.

तो दुवा शिवणयंत्रातून आला. शिवणयंत्रातही वरची सुई आणि खालचे बॉबिन यांचा मेळ तंतोतंत लागतो. सुई क्षणभर उशिरा उतरली तर टाका चुकतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत रबराचा, आतल्या अंगाला दाते असलेला व आतून न ताणणाऱ्या दोऱ्यांनी मजबूत केलेला पट्टा तयार झाला. सिंगर शिवणयंत्र हे त्याचे पहिले प्रसिद्ध उपयोगस्थान. त्याच्या उत्पादकाच्या नावावरून मोटारशौकीन त्याला पुढे बराच काळ 'गिल्मर पट्टा' म्हणत. घराच्या कोपऱ्यातील शिवणयंत्राने मोटारीला आपला एक अवयव उसना द्यावा, ही गोष्ट यंत्रविद्येच्या इतिहासग्रंथांत सहसा ठळकपणे सांगितली जात नाही. आगगाडी, विमान, तोफ यांच्या वंशावळी आपण हौसेने लिहितो. शिवणयंत्राची वंशावळ अजून लिहावयाची आहे.

मोटारीत हा पट्टा प्रथम आला तो शर्यतीच्या मार्गाने. अमेरिकेतील बिल डेव्हिन याने १९५४ मध्ये फ्रेंच पानार गाडीच्या यंत्रभागांवर आधारून शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्यांच्या एंजिनांत कॅमदंड फिरविण्यासाठी त्याने गिल्मर पट्टा वापरला. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत तो येण्यास आणखी आठ वर्षे लागली. पश्चिम जर्मनीत बव्हेरियातील डिंगोल्फिंग या लहान गावी ग्लास नावाची कंपनी होती. ती मूळची शेतीची अवजारे करणारी; युद्धोत्तर काळात स्कूटर, मग गोगोमोबील ही चिमुकली गाडी, असे करीत ती मोटारींकडे आली. तिच्या १००४ या गाडीत, १९६२ पासून, ९९२ घनसेंटिमीटरच्या एंजिनाला माथ्यावरील कॅमदंड व दातेरी पट्टा होता. मोठ्या नामवंत कारखान्यांनी जे धाडस केले नाही ते पेरणीयंत्रे करणाऱ्या घराण्याने केले, याचे आश्चर्य वाटू नये. ज्याच्यापाशी महाग पेटी ओतण्याचे सामर्थ्य नसते तोच स्वस्त युक्ती आधी शोधतो. ही कंपनी १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने विकत घेतली.

त्याच १९६६ साली पट्ट्याचे भाग्य पालटले. अमेरिकेत जॉन डीलोरियन याच्या देखरेखीखाली पाँटिॲकचे सहा सिलिंडरांचे पट्ट्याचे एंजिन निघाले आणि इटलीत आउरेलिओ लाम्प्रेदी याने फियाट १२४ च्या क्रीडागाडीसाठी दोन कॅमदंडांचे पट्ट्याचे एंजिन सिद्ध केले. दोन कॅमदंड म्हणजे तोवर श्रीमंतांची मिरास. ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात येण्यास इतर कारणांबरोबर हा रबरी पट्टाही कारण झाला. १९७२ च्या आउडी ८० मधील एंजिनाने, आणि त्याच कुळातील फोक्सवागनच्या एंजिनांनी, तो युरोपच्या घरोघरी नेला.

येथे शब्दांविषयी थोडे सांगण्याचा मोह आवरत नाही. एकाच वस्तूकडे भाषा किती भिन्न अंगांनी पाहतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. जर्मन लोक या वस्तूला 'त्सानरीमेन', म्हणजे दातांचा पट्टा, म्हणतात. त्यांना तिचे रूप महत्त्वाचे वाटले. फ्रेंच 'कुरवा द दिस्त्रिब्युस्यों' म्हणतात व इटालियन 'चिंग्या दि दिस्त्रिबुत्स्योने'. दोहोंत वाटपाची कल्पना आहे. हा 'वाटप' शब्द वाफेच्या यंत्राच्या काळातला होय : वाफ सिलिंडरच्या कोणत्या बाजूस केव्हा सोडावयाची, या योजनेला फ्रेंच यंत्रज्ञ वाटप म्हणत. वाफ गेली, पेट्रोल आले, पण शब्द राहिला. इंग्रजीने मात्र रूप वा वाटप न पाहता वेळ पाहिली व 'टायमिंग बेल्ट' म्हटले. आपल्या गॅरेजांनी हेच नाव घेतले. परंतु घेताना त्यात आपला बदल केला. 'टायमिंग' हे मराठी कारागिराच्या तोंडी स्वतंत्र नपुंसकलिंगी नाम झाले आहे. टायमिंग जुळते, टायमिंग सुटते, टायमिंग लावावे लागते. 'समयपट्टा' यासारखा शब्द घडविणे अशक्य नाही. पण 'समयपट्टा सुटला' असे म्हणणारा मिस्त्री मिळणे कठीण, आणि ज्यांनी शब्द वापरावयाचा त्यांना डावलून केलेली परिभाषा कपाटात राहते, हा आपला अनुभव आहे. प्रस्तुत लेखात मी जर्मन धाटणीचा 'दातेरी पट्टा' वापरीत आहे तो केवळ वर्णनासाठी.

आता मुख्य मुद्दा. साखळी झिजते म्हणजे तिच्या प्रत्येक कडीतील खीळ किंचित झिजते. शंभरावर कड्यांची ही किंचित झीज एकत्र होऊन साखळी लांबते. लांबलेली साखळी सैल पडते व पेटीवर आपटते. सकाळी थंड एंजिन सुरू करताना ही खडखड प्रथम ऐकू येते, पुढे वाढत जाते. मुंबईतील टॅक्सीचालकांच्या एका पिढीला ती ओळखीची होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, ही खाली कॅमदंड असलेली, आखूड साखळीची गाडी. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिची दुरुस्ती करणारे मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून, कान देऊन निदान करीत. वैद्याने नाडी पाहावी तशी ही विद्या होती. ती गुरूकडून शिष्याकडे जाई आणि तिला कागदाची गरज नसे.

पट्ट्याने ही विद्या निरुपयोगी केली. रबराच्या आतील काचतंतूंचे दोर वाकण्या-सरळ होण्याने थकत जातात. दात मुळाशी चिरत जातात. उष्णतेने रबर कडक होते. यातील काहीही ऐकू येत नाही. पट्टा जवळजवळ अखेरच्या क्षणापर्यंत आपले काम निर्दोषपणे करतो, आणि मग एकाएकी तुटतो किंवा त्याचे काही दात एकदम निघून जातात. मराठीत 'झिजणे' व 'तुटणे' या क्रियापदांत जो भेद आहे तो येथे नेमका लागू पडतो. 'झिजणे' हे संस्कृत 'क्षीयते' या रूपापासून, प्राकृत 'झिज्जइ' मधून आले आहे. 'क्षय' हा त्याचा सख्खा नातलग. त्यात कालावधी अनुस्यूत आहे. 'तुटणे' क्षणात घडते. गॅरेजातील बोलण्याकडे मी गेली तीन वर्षे लक्ष देत आहे. साखळीविषयी 'झिजली', 'ढिली पडली' असे म्हणतात, पण 'पट्टा झिजला' हा प्रयोग क्वचितच कानी पडतो. पट्टा 'तुटतो' किंवा त्याची 'मुदत संपते'. म्हणजे भाषेने पट्ट्याची झीज मानलीच नाही. तिच्या जागी तिने 'मुदत' हा कर्जखतातील, भाडेपट्ट्यातील शब्द आणून बसविला. (जाता जाता : 'तोंडाचा पट्टा सुटणे' या आपल्या प्रयोगाचा उगम गिरणीच्या पट्ट्यात शोधणारे लोक मला भेटले आहेत. तो दांडपट्ट्यातील पट्टा असावा असे मला वाटते.)

तुटण्याचे परिणाम एवढे भयंकर का, हे समजून घेतले पाहिजे. दट्ट्या माथ्याशी येतो तेव्हा जी जागा व्यापतो, तिच्यातीलच काही जागा उघडी झडप व्यापते. दोघे एकाच जागेत येतात, पण निरनिराळ्या वेळी. एकाच खोलीत पाळीपाळीने राहणाऱ्या गिरणीकामगारांप्रमाणे. वेळेचा मेळ हीच काय ती त्यांच्यामधली भिंत. पट्टा तुटताच कॅमदंड झडपांच्या स्प्रिंगांच्या जोराने जवळजवळ तत्काळ थांबतो, व काही झडपा उघड्याच राहतात. गाडी मात्र वेगात असते. चाके क्रँकदंडाला फिरवीत राहतात आणि दट्ट्ये उघड्या झडपांवर आदळतात. झडपा वाकतात, त्यांच्या मार्गदर्शक नळ्या फुटतात, कधी दट्ट्याला भोक पडते. पट्टा बदलण्याच्या कितीतरी पट खर्च मग पुढे उभा राहतो. त्याहूनही वाईट म्हणजे एंजिन भर रहदारीत, घाटात किंवा महामार्गाच्या वेगवान पट्टीत बंद पडते, आणि ब्रेक व सुकाणू यांना मिळणारे साहाय्य ऐन वेळी जाते. माझ्या नशिबाने मी कडेच्या पट्टीत होतो आणि खंबाटकी घाट अजून पुढे होता.

सगळीच एंजिने अशी नव्हती. १९७४ पासून व्हॉल्व्होच्या २४० मालिकेत आलेल्या एंजिनांत दट्ट्या व झडप यांच्या जागा वेगळ्या राखलेल्या होत्या. तेथे पट्टा तुटला तर गाडी थांबे, नवा पट्टा घातला की पुन्हा चाले. हा निवारणाचा सर्वांत प्रामाणिक मार्ग होय, कारण त्यात माणसाच्या विसरभोळेपणाची सोय आधीच केलेली आहे. मग तो मागे का पडला? कारण झडपांसाठी जागा सोडावयाची म्हणजे दट्ट्याच्या माथ्यावर खोल खळगे करावयाचे, आणि त्याने ज्वलनकक्षाचा आकार बिघडतो व दाब घटतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची बचत आणि धुराचे निर्बंध ही दोन ओझी एंजिनावर आली. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आल्या, त्या अधिक खोल उघडू लागल्या, कक्ष आवळत गेला. डिझेलच्या बाबतीत तर पर्यायच नव्हता. १९७६ च्या फोक्सवागन गोल्फ डिझेलमध्ये हवा सुमारे तेविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाई. तेथे दट्ट्या व माथा यांत राहते ती जागा इतकी थोडी, की उघड्या झडपेला आसराच नाही. त्यातून त्याच पट्ट्यावर इंधन फवारणाऱ्या पंपाचाही भार होता. कार्यक्षमता वाढत गेली ती अशा रीतीने सुरक्षिततेची जागा खाऊन, आणि त्या जागेची भरपाई मालकाच्या शिस्तीने करावी असे गृहीत धरले गेले.

ती शिस्त म्हणजे मुदत. कारखानदारांनी पट्ट्यांच्या चाचण्या घेऊन अशी एक मर्यादा ठरविली, की तिच्या आत फारच थोडे पट्टे तुटावेत. याचा अर्थ असा की मुदत संपल्यावर काढून टाकलेले बहुतेक पट्टे धडधाकट असतात. चांगली दिसणारी वस्तू फेकून देणे आपल्याकडील काटकसरी मनाला रुचत नाही. "अजून दहा हजार जाईल" हे वाक्य ज्या गॅरेजात ऐकू येत नाही असे गॅरेज मी पाहिलेले नाही. मुदत दुहेरी असते, अंतराची व वर्षांची. जी आधी पुरी होईल ती खरी. अंतर बहुधा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान, पुढील काळात त्याहूनही अधिक. उष्ण व धुळीच्या प्रदेशात कमी. वर्षांची अट लोक विसरतात. वास्तविक रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. याचे टोकाचे उदाहरण फेरारीचे. १९७३ च्या ३६५ जीटी४ बीबी पासून त्या कारखान्याने बारा सिलिंडरांच्या आडव्या एंजिनात पट्टे घातले. पुढे टेस्टारोसा गाडीत ते बदलण्यासाठी सबंध एंजिन खाली उतरवावे लागे. ज्या गाड्या वर्षात हजार किलोमीटरही चालत नाहीत, त्यांचेही हे पट्टे ठराविक वर्षांनी बदलावे लागतात. माझ्या गाडीचे एकंदर अंतर ७०,००० च्या आतच होते. वय मात्र अकरा वर्षांचे. पट्टा मूळचाच असावा असे मिस्त्रींचे मत पडले.

पट्ट्याबरोबर त्याचे सोबतीही बदलावे लागतात, हा धडा अनुभवाने मिळाला. ताण देणारे चाक, मार्ग दाखविणारी मोकळी चाके आणि, ज्या एंजिनांत तो याच पट्ट्यावर चालतो तेथे, पाण्याचा पंप. यांपैकी एकाचे बेअरिंग अडकले की नवा कोरा पट्टाही काही मिनिटांत उडतो. झाकणाच्या आत तेल झिरपत असेल तर तेही पट्ट्याचा घात करते. म्हणून चांगला कारागीर पट्टा एकटा बदलत नाही, आणि पट्टा घातल्यावर एंजिन हाताने पुरे दोन फेरे फिरवून चाकांवरील खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहिल्यावाचून किल्ली फिरवीत नाही.

या इतिहासात एक विरोधाभास आहे व तो माझ्या प्रतिपादनास पोषक आहे. आरंभीचे पट्टे निओप्रीनचे, म्हणजे ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये सापडलेल्या कृत्रिम रबराचे असत. ते उष्णतेने कडक होई व पाठीवर भेगा पडत. झाकण काढून पाहणाऱ्यास निदान काही तरी दिसे. १९८० च्या दशकात हायड्रोजनयुक्त नायट्राइल रबर आले. ते उष्णता व तेल यांना कितीतरी चांगले तोंड देते, आणि त्यामुळेच मुदती लांबल्या. परंतु हा पट्टा मरणाच्या उंबरठ्यावरही बहुधा नव्यासारखाच दिसतो. साखळीची झीज कानाला कळे, जुन्या पट्ट्याची डोळ्याला; नव्या पट्ट्याची कोणत्याच इंद्रियाला नाही. द्रव्य जसजसे सुधारले तसतसे लक्षण नाहीसे होत गेले आणि सारा भार कागदावर आला.

भारतात हा पालट १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० बरोबर मोठ्या प्रमाणावर झाला. तिच्या छोट्या एंजिनात माथ्यावर कॅमदंड व दातेरी पट्टा होता. पद्मिनी-ॲम्बॅसडरवर हात बसलेल्या कारागिरांपुढे अशी गाडी आली, की जिच्यातील एका भागाचे आरोग्य ऐकून कळत नव्हते. गाडीसोबत सेवापुस्तिका येई. परंतु पुस्तिका इंग्रजीत, मालक ती कपाटात ठेवणार, आणि गाडी विकताना ती बरोबर जाईलच असे नाही. जुन्या वाहनाचा बाजार वाढला तसा हा दुवा सर्वांत कच्चा ठरला. वाहनाची मालकी बदलताना सरकारदरबारी नोंदणीपत्र लागते, विमा लागतो, धुराचा दाखला लागतो. पट्टा केव्हा बदलला याची नोंद मात्र कोणी मागत नाही.

पुढे काही कारखानदारांनी साखळीकडे परत वळणे पसंत केले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेले फियाटचे १.३ लिटरचे डिझेल एंजिन साखळीचे होते. मारुतीची २००८ पासूनची के मालिकेतील एंजिनेही साखळीची. 'साखळी जन्मभर टिकते' अशी जाहिरातवजा समजूत पसरली. ती पूर्ण खरी नव्हती. नव्या साखळ्या वजन वाचविण्यासाठी बारीक केलेल्या, तेल बदलण्याच्या मुदती लांबविलेल्या. परिणामी काही युरोपीय एंजिनांत साखळ्या अकाली लांबल्या. फोक्सवागनने आपल्या लहान टीएसआय पेट्रोल एंजिनांत साखळी घातली व तिच्या तक्रारींनंतर, २०१२ च्या सुमारास नवे कुळ आणताना, पुन्हा दातेरी पट्ट्याचा अवलंब केला. त्याच कुळातील एक लिटरचे एंजिन आज चाकणला तयार होते. रांजणगाव व चाकण ही गावे एकाच जिल्ह्यातली, आणि दोहोंनी एकाच प्रश्नाची उलट उत्तरे दिली.

तिसरे उत्तर सर्वांत विचित्र निघाले. घर्षण कमी व्हावे म्हणून पट्टा कोरडा न ठेवता एंजिनाच्या तेलातच चालवावा, असा विचार पुढे आला. फोर्डच्या २०१२ च्या एक लिटर एंजिनात व फ्रान्समधील प्यूजो-सित्रोएंच्या १.२ लिटर प्युअरटेक एंजिनात असे ओले पट्टे होते. तेलात पेट्रोल मिसळले किंवा तेल चुकीचे पडले की रबर फुगते, त्याचे कण सुटतात, आणि ते तेलपंपाच्या जाळीत अडकून तेलाचा दाबच घालवितात. म्हणजे पट्टा न तुटताही एंजिन मरावे अशी सोय झाली. प्युअरटेकसाठी पट्ट्याची रुंदी मोजण्याची एक पट्टिका काढण्यात आली. तेल ओतण्याच्या तोंडातून ती आत घालून पट्टा फुगला आहे काय हे पाहावयाचे. मूक झिजेला पुन्हा लक्षण मिळवून देण्याचा हा प्रयत्न मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. २०२४ मध्ये त्या समूहाने या एंजिनांची हमी दहा वर्षे वा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढविली, आणि नव्या आवृत्तीत साखळी आणली. फोर्डनेही आपल्या एंजिनाच्या पुढील आवृत्तीत कॅमदंडासाठी साखळीच घेतली.

माझी गाडी दुरुस्त होण्यास अठरा दिवस लागले. ती परत घेताना मिस्त्रींनी बॉनेटच्या आतील बाजूस एक पांढरा कागद चिकटविला व त्यावर चिकटपट्टी लावली. पुस्तिकेत लिहा असे मी सुचविले, तेव्हा ते म्हणाले, "पुस्तक हरवतं सर, बॉनेट नाही हरवत." कागदावर निळ्या शाईत तारीख, किलोमीटरचा आकडा व खाली दोन शब्द आहेत : 'टायमिंग बदललं'. पट्टा हा शब्द त्यांनी लिहिलेला नाही. तो लिहिण्याची आवश्यकता त्यांना वाटली नाही, आणि पुढच्या मिस्त्रीलाही ती वाटणार नाही.